हार्टअ‍ॅटॅक साहेबाला की शिपायाला?

"साहेब लोकांना फार टेन्शन असते हो, म्हणून हार्टअ‍ॅटॅक त्यांनाच येतो. शिपायाला कसले आले टेन्शन? घंटी वाजली की उठायचे, फाईल ठेवायची, परत स्टुलावर येऊन बसायचे!"

वाचकहो, हे वाक्य मी गेली पंचवीस-तीस वर्षे दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत आणि पहाटे फिरायला जाताना सारखे ऐकत आलो आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते पटतेही. जबाबदारी मोठी म्हणजे काळजी मोठी, आणि काळजी मोठी म्हणजे हृदयाला धोका मोठा, असा हा सरळ हिशेब आहे. एके काळी डॉक्टरमंडळींचाही असाच समज होता. पण जेव्हा हजारो नोकरदारांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, तेव्हा हा हिशेब साफ उलटा निघाला. कसा, ते आज पाहू. आणि त्याच्याच बरोबर एका जुन्या प्रश्नाचाही विचार करू. माणूस मन लावून काम कधी करतो आणि नुसत्या पाट्या कधी टाकतो? हा प्रश्न कारखानदाराचा किंवा ऑफिसच्या साहेबाचा आहे, त्यात डॉक्टरचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असा माझा अनुभव आहे.

लंडनच्या कचेऱ्यांतील पाहणी

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे. ब्रिटिश सरकारच्या मोठमोठ्या कचेऱ्या तिथे आहेत. आपल्याकडे 'मंत्रालय' म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, तेच तिकडे 'व्हाइटहॉल' म्हटल्यावर येते. १९६७ पासून या सरकारी नोकरीतील सुमारे अठरा हजार पुरुषांची तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, वजन, धूम्रपान अशी सगळी नोंद करून पुढे कोणाला काय होते, यावर कित्येक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. या कामातून पुढे आलेले डॉ. मायकेल मार्मट यांचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते.

पाहणीचा निष्कर्ष काय निघाला? दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांमध्ये, म्हणजे निरोपे, दारवान वगैरे मंडळींमध्ये, मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. हृदयविकाराचेही तेच. त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. फरक फक्त अगदी वरचा आणि अगदी खालचा एवढाच नव्हता. जिन्याच्या पायऱ्यांसारखा तो उतरत गेला होता. सर्वांत वरच्या साहेबापेक्षा त्याच्या खालच्या साहेबाचा धोका जास्त, त्याच्यापेक्षा कारकुनाचा जास्त आणि कारकुनापेक्षा निरोप्याचा जास्त!

आता कोणी म्हणेल, खालचे लोक विड्या-सिगारेटी जास्त ओढत असतील. खरे आहे, ओढत होते. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा माहीत असलेल्या सगळ्या कारणांचा हिशेब केला, तरी या फरकाचा फार तर एक तृतीयांश उलगडा होत होता. बाकीचे काय? हे लोक उपाशी नव्हते, बेकार नव्हते. सरकारी नोकरी होती, दवाखाना सरकारी आणि मोफत होता. मग नेमके काय कमी पडत होते?

हे शोधण्यासाठी १९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली. तीत स्त्री-पुरुष मिळून १०,३०८ नोकरदार होते. या वेळी रक्त आणि रक्तदाब यांच्याबरोबर कामाबद्दलही प्रश्न विचारले गेले. तुमचे काम कसे करायचे हे तुम्ही ठरवता का? कोणते काम आधी, कोणते नंतर हे तुमच्या हातात आहे का? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, ज्यांना आपल्या कामात स्वतःचे काहीच ठरवता येत नाही, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त होते. वरच्या आणि खालच्या श्रेणीतील तफावतीमागेही या एका गोष्टीचा मोठा वाटा होता. २००५ मध्ये याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपले वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात, आपले ऐकून घेतात असे ज्या पुरुषांना वाटत होते, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला.

म्हणजे स्टुलावर बसणाऱ्या त्या शिपायाला 'टेन्शन' होतेच. फक्त ते आपल्याला दिसत नव्हते.

ताण कामाचा की हुकमाचा?

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये ही गोष्ट फार सोप्या रीतीने मांडली होती. त्याने सांगितले की दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. काम किती आहे ही एक, आणि ते करण्याची मुभा किती आहे ही दुसरी. काम भरपूर आहे आणि मुभाही भरपूर आहे, तर माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. काम भरपूर आणि मुभा मुळीच नाही, तिथे मात्र ताण शरीराला लागतो.

आपल्या एस.टी. स्टँडसमोरच्या कोणत्याही खानावळीत दुपारी एक वाजता जाऊन पाहा. मुख्य आचारी घामाने निथळत असतो, पण कोणती कढई आधी उतरवायची हे तोच ठरवतो. वाढणाऱ्या पोऱ्याचे तसे नाही. इकडून गिऱ्हाईक ओरडते, तिकडून गल्ल्यावरचा मालक ओरडतो, आणि भाजी उशिरा येते ती आतून. चूक त्याची नसते, बोलणी मात्र त्यालाच! दोघेही सारखेच राबतात. तरी संध्याकाळी डोके धरून माझ्याकडे येतो तो बहुधा हा पोऱ्या असतो.

शरीरात काय घडते?

माणसाचे शरीर फार जुन्या काळी घडलेले आहे. संकट आले की अ‍ॅड्रिनलीन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके रक्तात उतरतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, स्नायू ताठ होतात. समोर वाघ असेल तर हे सगळे उपयोगी असते. पळा नाही तर लढा, आणि मग झाडाखाली विसावा घ्या! पण समोर साहेब असेल तर? पळता येत नाही, लढता तर मुळीच येत नाही. 'हो साहेब' म्हणून उभे राहावे लागते. शरीराने केलेली सगळी तयारी आतल्या आत जिरते. असे महिन्यातून एकदा झाले तर शरीर ते सोसते. रोज सकाळी अकरा वाजता झाले, तर रक्तदाब खाली यायलाच विसरतो, झोप तुटते, मान आणि डोके दुखते, जेवणाची वेळ चुकते, पोटात जळजळ होते. आणि मग या सगळ्यावर उतारा म्हणून माणूस तंबाखूची पुडी उघडतो. नुकसान असे दोन्ही वाटांनी होते. एक वाट थेट, दुसरी व्यसनाची.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये युरोपातील जवळजवळ दोन लाख नोकरदारांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. काम जास्त आणि मुभा कमी असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण तंबाखूचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. तेव्हा 'डॉक्टर, माझे सगळे दुखणे साहेबामुळेच आहे' असे म्हणत कोणी विडी पेटवू नये!

माणूस काम का करतो?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनची यंत्रे बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा प्रचंड कारखाना होता. १९२४ मध्ये तेथे एक साधा प्रयोग सुरू झाला. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, एवढेच पाहायचे होते. काम वाढले खरे. पण ज्यांच्याकडे उजेड वाढवला नव्हता, त्यांचेही वाढले! त्यामुळे प्रयोग करणारे गोंधळात पडले.

पुढे १९२७ मध्ये त्यांनी एका वेगळ्या खोलीत सहा मुलींना बसवले. त्यांतल्या पाच जणी टेलिफोनचा एक लहान भाग जोडत असत आणि सहावी त्यांना सामान पुरवत असे. मग एकेक बदल सुरू झाले. मधली सुट्टी दिली, सकाळचा नाश्ता दिला, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेले. मग एक दिवस या सगळ्या सवलती काढून पुन्हा पहिल्यासारखे ४८ तासांचे काम सुरू केले. सर्वांना वाटले, आता उत्पादन कोसळणार. पण आठवड्याचे एकूण उत्पादन तोवरच्या सर्व काळापेक्षा जास्त भरले.

हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की, या मुलींना कोणीतरी विचारत होते. बदल करण्याआधी त्यांचे मत घेतले जात होते. डोक्यावर उभा राहून ओरडणारा मुकादम नव्हता. आपण कोणीतरी आहोत असे त्यांना वाटू लागले होते. पुढच्या काळातील अभ्यासकांनी या प्रयोगावर बरीच टीका केली, तीही ऐकली पाहिजे. या मुलींच्या मजुरीची पद्धत बदलली होती. त्यांच्या छोट्या गटाने जेवढा माल काढला त्यावर पैसे मिळू लागले होते. शिवाय फार बडबड करतात म्हणून दोन मुलींना मध्येच बदलण्यात आले होते. तेव्हा 'गोड बोला, पैसे देऊ नका, काम वाढेल' असा धूर्त अर्थ यातून कोणी मालकाने काढू नये! पैसा आणि मान दोन्ही लागतात, हाच याचा खरा अर्थ.

त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. मग लक्षात आले की, माणसाला आपल्याला हवे ते बोलू दिले तरच खरे काय ते बाहेर येते. काही जण तर बोलून झाल्यावर सांगत की, आता बरे वाटते. तक्रार तशीच होती, पण ती कोणीतरी ऐकून घेतली होती. आम्हा डॉक्टरांना हे नवीन नाही. अर्धे दुखणे ऐकून घेतल्यानेच हलके होते.

पाट्या टाकण्यामागचे शहाणपण

हॉथॉर्नचाच आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या यंत्रात तारा जोडणारे चौदा पुरुष एका खोलीत कामाला बसवले आणि त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले. जास्त काम केले तर जास्त पैसे मिळण्याची सोय होती. तरीही त्यांनी आपसात ठरवून टाकले होते की, रोज एवढेच काम करायचे, त्याहून जास्त नाही. कोणी जास्त करू लागला की त्याला चिडवत आणि दंडावर एक गुद्दा लगावत. फार कमी करणाऱ्यालाही बोलणी बसत. साहेबाकडे चहाडी करणारा तर सर्वांत वाईट!

आळस होता का हा? नाही. त्यामागे हिशेब होता. जास्त माल काढून दाखवला तर मालक दर कमी करील, किंवा माणसे कमी करील, अशी त्यांना भीती होती. तो काळ जागतिक मंदीचा होता आणि भोवती नोकऱ्या जात होत्या.

आपल्याकडच्या कचेरीत नवा मुलगा पहिल्या महिन्यात धावून धावून काम करतो. मग एक जुना माणूस त्याला चहाच्या टपरीवर घेऊन जातो आणि सांगतो, "बाळा, सावकाश. आज चार फायली काढल्यास तर उद्या साहेब आठ मागेल. आणि सहा काढल्यास तर बोलणी खाशील." या वाक्यात आळसापेक्षा अनुभव जास्त आहे. जिथे चांगल्या कामाचे बक्षीस म्हणून आणखी कामच मिळते, तिथे पाट्या टाकणे हा माणसाने स्वतःला वाचवण्याचा उपाय असतो. माणूस असा का वागतो हे समजून न घेता त्याला 'कामचोर' म्हणणे म्हणजे ताप का आला हे न पाहता रोग्यालाच दोष देण्यासारखे आहे.

पगार म्हणजे मीठ

मग पगाराचे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशेबनीस यांना दोन प्रश्न विचारले. कामावर तुम्हाला फार चांगले कधी वाटले, आणि फार वाईट कधी वाटले? १९५९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. चांगल्या आठवणींत हातून झालेले काम, झालेले कौतुक, मिळालेली जबाबदारी अशा गोष्टी होत्या. वाईट आठवणींत वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे जाचक नियम, पगारातील अन्याय अशा गोष्टी होत्या. माणूस चांगल्याचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचे खापर दुसऱ्यावर फोडतो, असा आक्षेप यावर घेतला गेला, आणि त्यात तथ्य आहे. तरी मूळ मुद्दा रोजच्या अनुभवाला पटतो.

मी तो असा सांगतो. पगार म्हणजे आमटीतले मीठ. नसेल तर घास उतरत नाही. पण नुसते मीठ वाढवत गेल्याने आमटी चविष्ट होत नाही. पोटाला पुरेल आणि शेजारच्याच्या मानाने अन्याय वाटणार नाही एवढा पगार हवाच. त्यात काटकसर करून वर 'आमच्याकडे सगळे कसे घरच्यासारखे' असे म्हणणे ही फसवणूक आहे. पण तेवढा पगार मिळाल्यावरही माणसाला आणखी काही हवे असते. हे काम माझ्या हातचे आहे, आणि ते कोणीतरी पाहिले आहे, असे त्याला वाटायला हवे असते.

अहमदाबादच्या गिरणीतील प्रयोग

हे सगळे साहेबांच्या देशातले, आपल्याकडे चालणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून एक आपल्या देशातलेच उदाहरण देतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले. यंत्रे नवी, खर्च मोठा, पण काम अपेक्षेइतके होईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी तिथले काम पाहिले. त्यांना असे दिसले की मागांच्या खात्यात कामाचे बारीक बारीक तुकडे केलेले आहेत. विणणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. एकाचे इतके माग, दुसऱ्याचे तितके. कोण कोणाबरोबर आहे आणि कापड बिघडले तर जबाबदार कोण, याचा पत्ता नाही.

मग असा विचार पुढे आला की ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका छोट्या गटावर सोपवावी. नवल म्हणजे, कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली आणि कोणत्या गटात कोण हे त्यांनी आपसातच ठरवले. सुरुवातीच्या अडचणी संपल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. यंत्रे आणि माणसे तीच होती. 'हे माग आमचे' असे म्हणण्याची सोय मात्र नवी होती.

आपल्या गावातले अनुभव

नावे न सांगता माझ्या दवाखान्यातील दोन उदाहरणे देतो.

एका पतसंस्थेत वीस वर्षे रोखपाल असलेले गृहस्थ माझ्याकडे येत. गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नव्हता. मी त्यांना घरच्या यंत्रावर रोज दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितले. महिन्याने वही पाहिली. रविवारी आकडा १३०च्या आसपास, आणि कामाच्या दिवशी दुपारी १५०च्या वर! विचारले, तेव्हा हळूहळू बोलू लागले. नवे व्यवस्थापक सर्वांसमोर, खातेदारांच्या देखत, 'तुम्हाला एवढेही कळत नाही का' असे बोलत. "डॉक्टर, काम कितीही सांगा हो. पण माझ्या मुलीच्या वयाची गिऱ्हाईके समोर उभी असतात." आम्ही औषधात बदल केला, मीठ कमी केले, चालणे सुरू केले. पण मला वाटते, खरा फरक पडला तो त्यांनी एका संचालकांच्या कानावर ही गोष्ट घातल्यावर. चुका आत बोलावून सांगायच्या, एवढेच त्या संचालकांनी ठरवून दिले. रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे, पण वहीतील दोन रकाने आता जवळ जवळ आले आहेत.

दुसरे उदाहरण एका गॅरेजचे. मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "डॉक्टर, माझी पोरे सारखी दांड्या मारतात आणि तुमच्याकडून सर्टिफिकेट आणतात. तुम्ही देऊ नका." मी म्हणालो, "सर्टिफिकेट तपासूनच देतो. पण शेठ, एक सांगा. सोमवारीच सगळ्यांची कंबर का दुखते?" त्यांना आधी राग आला. मग दोघे बसून बोललो. पोरांना सुट्टी कधी मिळेल याचा नेम नव्हता, रविवारीही मनात आले की बोलावणे जाई. शिवाय प्रत्येक गाडीचा नट उघडण्याआधी शेठना विचारावे लागे. शेठनी दोन गोष्टी केल्या. आठवड्याची सुट्टी पक्की केली, आणि जुन्या दोन मेकॅनिकना साध्या कामांचे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले. माझ्याकडे येणारी सोमवारची गर्दी थोडी ओसरली. माझी फी बुडाली, पण तक्रार नाही!

बायकांचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. नोकरी करणाऱ्या बाईला कचेरीत साहेबाचे ऐकावे लागते आणि घरी आल्यावर सर्वांचे. दोन्ही ठिकाणी काम तिचे आणि ठरवणार दुसरेच. तिच्या डोकेदुखीवर गोळी देताना घरातल्या पुरुषांनाही दोन शब्द सांगावेत असे मला नेहमी वाटते, आणि मी ते सांगतो.

मालकांनी, साहेबांनी काय करावे?

१) चूक दाखवायची असेल तर आत बोलावून दाखवा. कौतुक मात्र चारचौघांत करा. आपण बहुधा नेमके उलटे करतो.

२) काय हवे ते सांगा, कसे करायचे ते शक्य तिथे त्याच्यावर सोडा. वीस वर्षे तेच काम करणाऱ्याला ते तुमच्यापेक्षा जास्त कळते.

३) चांगले काम करणाऱ्यावर इतरांचे काम लादू नका. लादायचे असेल तर त्याचा मोबदला द्या.

४) सुट्टी आणि सुटण्याची वेळ ठरलेली ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या बाजारपेठेतील दुकानांत रोज दहा तास उभ्या असणाऱ्या मुलांचा हिशेब तुम्हीच करा.

५) महिन्यातून एकदा, हातातला मोबाईल बाजूला ठेवून, प्रत्येकाला विचारा, "काही अडचण आहे का?" आणि मग गप्प बसून ऐका.

नोकरदारांनी काय करावे?

१) सगळे आपल्या हातात नसते, पण थोडे असते. टेबल कसे लावायचे, कोणते काम सकाळी करायचे, एवढे तरी स्वतः ठरवा आणि ते सोडू नका.

२) डबा वेळेवर खा. तंबाखू, गुटखा, सिगारेट हा ताणावरचा उपाय नाही.

३) कामावरचा राग घरी मुलांवर काढू नका. घराआधी दहा मिनिटे पायी चाला, राग बराच उतरतो.

४) कामाबाहेर एक तरी जागा अशी ठेवा जिथे तुमच्या शब्दाला मान आहे. भजनी मंडळ, वाचनालय, परसातली बाग, नाटकाची तालीम, काहीही चालेल.

५) अन्याय होत असेल तर एकट्याने कुढू नका. सहकाऱ्यांशी बोला, संघटना असेल तर तिच्याकडे जा, लेखी द्या.

हे मात्र विसरू नका

छातीत दाबल्यासारखे दुखणे, घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे काही झाले तर 'कामाचे टेन्शन आहे, होईल बरे' म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा दवाखान्यात तातडीने जा. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. साहेब बदलला म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कामामुळे सतत थकवा, कामाविषयी तिटकारा आणि 'आपल्याकडून काही होत नाही' अशी भावना, या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआऊट' या नावाने आपल्या यादीत नोंदवले आहे. तो रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशातच रस नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, असे असेल तर तो नुसता थकवा नाही. डॉक्टरांना लगेच भेटा. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या हाताखाली एक माणूस असो की शंभर, दुकानातला पोऱ्या असो, शेतावरचा गडी असो की घरी भांडी घासायला येणारी बाई असो, उद्या सकाळी त्यांच्या एखाद्या चांगल्या कामाचे नाव घेऊन त्यांना शाबासकी द्या. नुसते 'छान' नको, नेमके काय छान झाले ते सांगा. यासाठी प्रिस्क्रिप्शन लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि या औषधाचा दुष्परिणाम मी तरी आजवर पाहिलेला नाही.